समाजसेवेला डिग्री कशाला, असं बाबांनी विचारलं होतं

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट बोलता येत नाही, बाबा लगेच 'जेवलीस का' वर येतात, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, माणूस मनाने चांगला असला की झालं, त्याला डिग्री कशाला. मी समाजकार्य शिकतेय ती टाटा इन्स्टिट्यूट 1936 ला मुंबईत नागपाड्यात सुरू झाली तीच मुळी नुसत्या चांगल्या मनावर भागत नाही म्हणून, आणि मला ते आत्ता कुठे पटतंय.

आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, मी गोवंडीच्या शिवाजीनगरला जाते, डंपिंग ग्राउंडला लागूनच. तिथे एक आजी आहेत, मूळच्या बीडकडच्या, 1972 च्या दुष्काळात आईबापाबरोबर इकडे आल्या. भाऊ तिकडेच राहिले आणि ऊसतोडीला जायला लागले. मी वाळव्याची म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुमच्याच उसात असतील की गं.

रिपोर्टमध्ये मी त्यांचं रेशनकार्ड, बीपीची गोळी, सुनेचं काम सगळं लिहिलं. मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, यात तू कुठे आहेस?

तेव्हापासून मी आपल्या रानाचाच विचार करतेय. दरवर्षी ऊसतोडीची टोळी येते, आपल्याला मुकादमाचं नाव माहीत असतं, बाकी कुणाचं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल दोघांची मिळून, खाडा झाला की पैसे कापले, म्हणून बाई पोटुशी असली तरी मोळ्या वाहते आणि संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, येऊन भाकऱ्या पण तिनेच थापायच्या. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आपण ती बीडची बातमी म्हणून बघितली. पण त्या बायका सीझनभर असतात कुठे, आपल्याकडेच की.

तुम्हाला दोष देत नाहीये, खरंच. आई, कोपीतल्या बाळंतिणीला तू डब्यातून शिरा पाठवायचीस ते मला आठवतं आणि ते मनापासूनच होतं. पण ते आपल्या मनावर होतं, दिलं तर दिलं. तिचं हक्काचं असं काय होतं, सुट्टी, दवाखाना, पोरांची शाळा? मी इथे शिकतेय ते हेच, आणि ते आपल्या घरापासून सुरू होतं हे मला माहीत नव्हतं.

आत्तापर्यंत कुणी विचारलं की मी शेतकऱ्याची मुलगी एवढंच सांगायचे. कारखान्याकडे उसाचं बिल थकलेलं, सोसायटीचं कर्ज, तुमची रात्रीची लाईट आणि रात्रीचंच पाणी, सगळं मी बघितलंय आणि ते कुणी हलक्यात घेतलं तर मला आजही राग येतो. पण टोळीतली माणसं तुम्हाला मालक म्हणतात बाबा, म्हणजे मी मालकाची पण मुलगी आहे, आणि दोन्ही धरूनच मला हे काम करायचंय. गोवंडीत जाऊन मी गरिबाघरचीच म्हणत बसले तर आजींचं अर्धं बोलणं मला ऐकूच येणार नाही.

दिवाळीनंतर टोळी येईल तेव्हा मी चार-पाच दिवस घरी येतेय. आई, तू माझ्याबरोबर कोप्यांवर चल, तुझ्याशी बायका बोलतील, माझ्याशी लगेच नाही बोलायच्या. आणि बाबा, मुकादमाला आधीच विचारून ठेवा, शाळेच्या वयाची पोरं किती आहेत ते, म्हणजे मला गावच्या शाळेत जाऊन गुरुजींशी बोलता येईल.

तुमची,
ताई