खिडकी त्यानेच उघडली

सांगली,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

'ड्रॅक्युला'वरच्या नाटकाची संहिता मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. रेनफिल्ड मला दिलास, त्याने किती बरं वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको. पण तिसऱ्या प्रवेशावरून भांडायचंय. फोनवर भांडायला लागलं की तू विषय बदलतोस, म्हणून पत्र.

तू त्याला माशा खाणारा वेडा करून ठेवलायस. प्रेक्षक हसेल, टाळीही पडेल. पण ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची मूळ कादंबरी 'ड्रॅक्युला' पुन्हा काढून बघ. हा ५९ वर्षांचा माणूस मुळात हिशेबी आहे. पर्फ्लीटच्या वेड्यांच्या इस्पितळात साखर टाकून माशा धरतो, त्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना, आणि मग डॉक्टर सेवर्डकडे मांजराचं पिल्लू मागतो. ते मिळत नाही, तेव्हा चिमण्या स्वतःच कच्च्या खातो. एका जिवात दुसरे जीव साठवत न्यायचे आणि शेवटी सगळे आपल्या पोटात घ्यायचे. अख्खी कादंबरी रोजनिशा, पत्रं आणि तारांची बनलेली आहे, पण याच्या वहीत पानंच्या पानं नुसते आकडे, त्यांच्या बेरजा. त्याचं मन आपल्याला कळतं ते बहुतेक डॉक्टरच्या नोंदींतून. तू इथेच चुकलास असं मला वाटतं. डॉक्टरला जे दिसलं तेच तू लिहिलंस.

शेजारी कारफॅक्सची ओसाड वास्तू, रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाने, म्हणजे त्याच्या मालकाने, विकत घेतलेली. ऑगस्टमध्ये तो पळून तिथल्या प्रार्थनाघराच्या बंद दाराला बिलगतो आणि विनवतो, मी तुमचा गुलाम, हुकूम करा, फक्त वाटप कराल तेव्हा मला विसरू नका. भाषा भक्ताची, पण लक्ष वाटपावर. मालक जीव देणारा आहे हे त्याने गृहीत धरलंय. मालकाला स्वतःला काय हवंय, हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही.

तो पडायला लागतो ३० सप्टेंबरला, आणि माझा सगळा जीव त्या दिवसात अडकलाय. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या मंडळींतली मीना त्याला भेटायला येते. तो आधी खोली आवरतो (म्हणजे डब्यांतल्या माशा-कोळी गिळून टाकतो), मग घरंदाज माणसासारखं बोलतो, आणि निघताना तिला म्हणतो, देव करो आणि तुमचा चेहरा मला पुन्हा न दिसो. त्याच रात्री डॉक्टरच्या हातापाया पडतो, मला इथून आत्ता घालवा, कुठेही पाठवा, बेड्या घाला हवं तर. कारण मात्र सांगत नाही. मरताना सांगतो, की जीभ जणू बांधली गेली होती. डॉक्टर ऐकत नाही. मंडळी कारफॅक्सकडे निघून जातात, आणि मग खिडकीबाहेर धुकं येतं, म्हणजे मालकच.

मालक त्याला उंदीर दाखवतो. हजारो, लाखो, लाल डोळ्यांचे. हे सगळे जीव तुझे. आणि ज्याने नुकतीच सुटकेची भीक मागितली होती, तोच खिडकी वर सरकवून म्हणतो, या मालक.

तू ही गयावया कापलीस आणि थेट उंदरांवर आलास. त्यामुळे तो नुसता हावरा दिसतो. त्याला आधी संशय आला होता, तो बोलू शकला नाही, आणि तरीही त्याने उघडलं, हे तिन्ही दिसल्याशिवाय हा माणूस उभाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाट बघतो. मालकाकडून काही येत नाही, एक माशीसुद्धा नाही. रात्री मालक येतो तो बंद खिडकीतून, न विचारता, आणि सगळं आपल्याच बापाचं असल्यासारखा त्याच्यासमोरून निघून जातो. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा बोलावल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही, हे मंडळींच्या म्होरक्याने, व्हॅन हेल्सिंगने, ३० तारखेलाच सगळ्यांना सांगितलेलं असतं. सगळ्यांना, फक्त रेनफिल्डला नाही. मालकाला त्याची भक्ती नको होती, सेवा नको होती. एकदा आतून खिडकी उघडणारा हात हवा होता. बास.

पण नुसता राग म्हणजे बंड नव्हे. राग माशी न मिळाल्याचाही असतो. बंड होतं ते मीना पुन्हा येते तेव्हा. ती त्याला पाणी घालून पातळ केलेल्या चहासारखी दिसते. जन्मभर जिवांच्या बेरजा करणाऱ्याला पहिल्यांदा वजाबाकी दिसते, आणि ती त्याने आत घेतलेल्या माणसाने केलेली असते. म्हणून त्या रात्री तो धुक्याला मिठी घालतो. वेड्यांच्या अंगात ताकद जास्त असते असं त्याने ऐकलेलं असतं, तेवढ्या भरवशावर. पाठ मोडून पडतो. दाखल्यावर काय लिहायचं ठरतं? पलंगावरून पडून अपघाती मृत्यू.

हे मी इतकं का धरून बसलोय, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? आपल्या त्या सरांकडे मी चार वर्षं तालमीच्या हॉलची किल्ली सांभाळली. सतरंज्या घातल्या, चहा आणला, पुढच्या नाटकात भूमिका मिळेल म्हणून वाट बघितली. तू सांगितलंस, त्यांना तू नकोयस, फुकटचा माणूस हवाय. मी तुझ्याशी सहा महिने बोललो नाही. पण भूमिका मिळाली नाही म्हणून मी बाहेर पडलो नव्हतो रे, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय. माझ्या गल्लीतल्या त्या पोराला मीच तिथे घेऊन गेलो होतो. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं, रात्र रात्र सेट ठोकत बसायचा, गालफडं बसली. एकदा त्याची आई मला बाजारात भेटली आणि म्हणाली, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही. दुसऱ्या दिवशी मी किल्ली देऊन आलो. त्याला बाहेर काढायला मात्र मला आणखी वर्ष लागलं.

तेव्हा माझं मागणं एवढंच. डॉक्टरसमोरची गयावया परत घाल, आणि मीनाच्या दुसऱ्या भेटीत मला एकही वाक्य देऊ नकोस. मी तिच्याकडे नुसतं बघेन. उंदीर दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, प्रकाशयोजनेवर सोड. आणि नेपथ्यात खिडकी रंगवलेली नको. खरी कर, वर सरकणारी, जरा जड. ती उचलताना माझे हात थरथरले पाहिजेत.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीने निघतो, रविवारी सकाळी तालमीला हजर. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मी