खेड्याची भीती नको, ताळेबंद बघा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च संपत आला की ओळखीपाळखीतून मला फोन यायला लागतात. कुणाच्या मुलीला, कुणाच्या भाच्याला अमेरिकेतल्या एखाद्या लहान कॉलेजचं प्रवेशपत्र आलेलं असतं. आर्थिक मदतही बरी दिलेली असते. मग घरातली मंडळी नकाशा उघडतात आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. कॉलेज न्यूयॉर्कमध्ये नसतं, बोस्टनमध्येही नसतं. ते असतं मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या, जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावात. 'एवढ्या लांब पाठवायचं आणि तेही खेड्यात?' हा पहिला प्रश्न. अशा कॉलेजांना तिथं 'लिबरल आर्ट्स' कॉलेज म्हणतात, म्हणून दुसरा, 'आर्ट्सच करायचं तर इथं काय वाईट होतं?' माझी मुलगी अशाच एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून लोक मला विचारतात. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

मी कऱ्हाडला राहते आणि सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या यांची दप्तरं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलीनं अर्जांचा विषय काढला तेव्हा अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पण संस्था कशावर उभी राहते आणि कशानं बुडते, एवढं मला माहीत होतं. पुण्यातल्या एका सल्लागारानं आमच्यापुढे क्रमवारीची यादी ठेवली. मी त्याच्याकडे कॉलेजांचे ताळेबंद मागितले. असं याआधी कुठल्याच पालकानं विचारलं नव्हतं, असं तो म्हणाला. मला ते फार गंभीर वाटलं. चार वर्षांसाठी पोटचं पोर आणि आयुष्यभराची शिल्लक जिथं ठेवायची, त्या संस्थेची आर्थिक प्रकृती आपण बघतच नाही.

माझी मुलगी आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजात आहे. डी मॉइन शहरापासून मोटारीनं तासाभराचा रस्ता. स्थापना १८४६ची, विद्यार्थी साधारण सतराशे. कॉलेजच्या आवारातून मालगाडीचा रूळ जातो. गावात लुई सलिव्हन या मोठ्या वास्तुरचनाकारानं १९१४मध्ये बांधलेली बँकेची देखणी इमारत आहे. मुलीनं पहिल्याच आठवड्यात तिचा फोटो मला पाठवला, कारण आईला बँकेचं अप्रूप. अशा या गावातल्या कॉलेजकडे दोन अब्ज डॉलरहून जास्त कायम निधी आहे, म्हणजे गुंतवून ठेवलेली आणि दर वर्षी थोडाच भाग खर्चाला काढायची अशी रक्कम. विद्यार्थीसंख्येनं भागून बघा. डोई दहा लाख डॉलरच्या वर रक्कम येते. त्यातले दर वर्षी चार-साडेचार टक्के खर्चाला काढले तरी प्रत्येक मुलामागे चाळीस हजार डॉलरहून जास्त होतात, आणि फी त्यात धरलेलीच नाही. अशी संस्था एखाद्या वर्षी पन्नास मुलं कमी आली म्हणून डगमगत नाही.

हा निधी कुठून आला, तेही सांगण्यासारखं आहे. रॉबर्ट नॉइस याच गावात वाढला आणि १९४९मध्ये याच कॉलेजातून भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झाला. त्याचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी जगातल्या अगदी सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरपैकी (रेडिओ नव्हे, त्याच्या आत असतो तो विजेचा छोटा भाग) दोन बेल लॅब या संशोधन संस्थेकडून मागवले होते, म्हणून मक्याच्या गावातल्या त्या मुलाला ते विद्यार्थी असतानाच हाताळायला मिळाले. पुढे नॉइसनं इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे संगणकातल्या चिपच्या, शोधात मोठा वाटा उचलला आणि १९६८मध्ये इंटेल कंपनी काढली. कॉलेजनं त्या कंपनीत अगदी सुरुवातीला पैसे गुंतवले. 'आर्ट्सला घातलं का?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे सगळं सविस्तर सांगते. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, इतिहास, संगीत असं सगळं एकाच छपराखाली शिकता येतं आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ठरवायचा असतो. माझी मुलगी गणित आणि मानववंशशास्त्र शिकते. इथं बारावी सायन्सनंतर ही जोडी घेता येईल, असं एकही कॉलेज आम्हाला जिल्ह्यात सापडलं नव्हतं.

आता त्याच आयोवा राज्यातलं दुसरं उदाहरण. माउंट प्लेझंट गावचं आयोवा वेस्लियन विद्यापीठ १८४२चं, म्हणजे ग्रिनेलपेक्षाही चार वर्षांनी जुनं. २०२३च्या मे महिन्यात ते बंद पडलं. त्यांच्या डोक्यावर अमेरिकेच्या कृषी खात्याचं मोठं कर्ज होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या अरोरा गावचं वेल्स कॉलेज १८६८पासून चालू होतं. त्यांनी २९ एप्रिल २०२४ रोजी जाहीर केलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. नव्या विद्यार्थ्यांनी होकार कळवायची नेहमीची मुदत १ मे असते, म्हणजे जेमतेम दोन दिवस आधी. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९मध्ये बंद झालं. या सगळ्या जागा रम्य होत्या आणि माहितीपत्रकातले फोटो ग्रिनेलच्या फोटोंइतकेच हिरवेगार होते. आपलं मूल तिथं शिकत असताना कॉलेजला टाळं लागलं तर व्हिसाची कागदपत्रं दुसऱ्या कॉलेजकडे वळवायला फार थोडा अवधी मिळतो, आणि नव्या ठिकाणी तेवढीच मदत मिळेल याची शाश्वती नसते.

हे संकट वाढणारं आहे. २००८च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्माला येणाऱ्या मुलांची संख्या घटत गेली आणि ती पिढी आता अठरा वर्षांची होते आहे. लहान कॉलेजांत मुलांसाठी ओढाताण सुरू आहे. म्हणूनच फीमध्ये भरघोस सवलत देणारं पत्र आलं की हुरळून जाऊ नये. तिथल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. निधी भक्कम असलेलं कॉलेज अशी सूट देतं तेव्हा ती खरी मदत असते. निधी नसलेलं कॉलेज तीच सूट देतं तेव्हा ते स्वतःचं उत्पन्न कापून वर्ग भरत असतं. आपल्याकडे ठेवी मिळवण्यासाठी जास्त व्याज कबूल करणाऱ्या पतसंस्था असतात ना, तसं हे आहे.

तपासायला फार खटाटोप करावा लागत नाही. ना नफा तत्त्वावर चालणारं तिथलं कॉलेज दर वर्षी कर खात्याकडे फॉर्म ९९० भरतं आणि तो कुणालाही विनामूल्य बघता येतो. जमा-खर्च, कर्ज, अध्यक्षांचा पगार, सगळं त्यात असतं. किमान पाच वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून वाचा. एका वर्षाच्या तुटीला महत्त्व देऊ नका, सलग तुटीला द्या. कायम निधीतला किती भाग देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून ठेवला आहे ते बघा, कारण अडचणीच्या वेळी त्या रकमेला हात लावता येत नाही. अमेरिकेचं शिक्षण खातं खासगी कॉलेजांना उणे १ ते ३ या पट्टीवर आर्थिक गुण देतं. दीडच्या खाली असलेलं कॉलेज मी यादीतून काढून टाकलं. याच खात्याच्या कॉलेज नॅव्हिगेटर या संकेतस्थळावर पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी परत आली, तेही मिळतं. हा आकडा मला क्रमवारीपेक्षा मोलाचा वाटतो. मुलं टिकत नसतील तर काहीतरी बिनसलेलं आहे.

आणखी एक बाब, जी आम्हाला वेळेवर कळली म्हणून निभावलं. आर्थिक मदत प्रवेशाच्या अर्जासोबतच मागायची असते. 'आधी प्रवेश मिळू दे, मग बघू' म्हणणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी पुढची चारही वर्षं मदत मिळत नाही. ग्रिनेलचा सगळा धरून वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर आहे. तो आकडा बघून आमच्यासारख्यांनी अर्जच केला नसता. मदत वजा जाता आमच्या वाट्याला जे आलं ते पुण्यातल्या खासगी विद्यापीठाची फी आणि वसतिगृह यांच्या आसपास आहे. विमानाचं भाडं वेगळं. मुळशीत पौडजवळच्या टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे अकरावी-बारावीचं आंतरराष्ट्रीय निवासी विद्यालय आहे, १९९७पासून. तिथं शिकलेल्या मुलांना डेव्हिस शिष्यवृत्तीमुळे अमेरिकेतल्या अशा अनेक लहान कॉलेजांची दारं उघडतात. साताऱ्या-सांगलीतल्या किती पालकांना हे माहीत आहे?

पण ताळेबंद कितीही उत्तम असला तरी तो आपल्या मुलाबद्दल काही सांगत नाही. तिथं आई-बापांनाच डोळे उघडे ठेवावे लागतात. माझी मुलगी लहानपणापासून तास संपल्यावर मागं थांबणारी. सरांच्या टेबलाशी जाऊन 'हे असं का?' विचारणारी. अकरावीला क्लासमध्ये दोनशे मुलं, सर व्यासपीठावर, माइक लावून. ती तिथं मिटून गेली. तिचे गुण घसरले नाहीत, पण घरी येऊन ती काही सांगेनाशी झाली, आणि मला गुणांपेक्षा त्याची काळजी वाटली. ग्रिनेलमध्ये सगळ्यांना सक्तीचा असा एकच अभ्यासक्रम आहे, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. डझनभर मुलं, एक प्राध्यापक, एक विषय आणि भरपूर लिखाण. तेच प्राध्यापक पुढे मुख्य विषय ठरेपर्यंत मार्गदर्शक असतात. तिचा पहिला निबंध खुणांनी भरून परत आला आणि सोबत बोलावणं. ती दीड तास बसून आली. त्या रात्री तिनं फोनवर मला एकेक खूण समजावून सांगितली. माझी पोर परत बोलायला लागली होती.

माझ्या दिराचा मुलगा याच्या अगदी उलट. त्याला माणसांचा राबता हवा, क्रिकेट हवं, संध्याकाळी बाहेर पडल्यावर शहर हवं. तो मुंबईत शिकतो आहे आणि उत्तम चाललं आहे त्याचं. त्याला ग्रिनेलला पाठवलं असतं तर पहिल्या हिवाळ्यातच तो परत आला असता, आणि त्यात त्याचा काही दोष नसता.

त्या हिवाळ्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. जानेवारीत उणे वीस अंश होतं. डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. भारतीय किराणा घ्यायचा तर डी मॉइन किंवा आयोवा सिटी गाठायची, दोन्हीकडे तासभर, आणि स्वतःची गाडी नसेल तर कुणाची तरी मनधरणी. गावात लहान रुग्णालय आहे. मोठं दुखणं आलं तर शहरात न्यावं लागतं. ज्या मुलाला दम्याचा किंवा नैराश्याचा त्रास आहे, ज्याला नियमित तज्ज्ञ डॉक्टर लागतो, त्याच्या पालकांनी याचा विचार आधी करावा आणि मदतीच्या रकमेचा नंतर. सतराशे मुलांत एखादीशी बिनसलं तर ती रोज जेवणघरात समोर येते. लपायला जागा नसते. ज्यांना इंजिनिअरिंगच करायचं आहे त्यांनी इकडे वळू नये. तीन वर्षं लहान कॉलेजात आणि दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात असा मार्ग काही कॉलेजांत आहे, पण दुसऱ्या टप्प्याच्या मदतीची हमी तिथं क्वचितच असते.

पहिल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत वसतिगृह ओस पडलं तेव्हा मुलगी रडली. तिला कॉलेजनं एक स्थानिक कुटुंब जोडून दिलेलं आहे, त्यांनी तिला घरी नेलं. शेतकरी कुटुंब, मका आणि सोयाबीन. आजोबांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो तुमच्याकडे सोयाबीनला काय भाव आहे हा. तिनं मला फोन लावला, मी ह्यांना विचारलं, ह्यांनी बाजार समितीतला भाव सांगितला, आणि मग तिकडचे आजोबा आणि इकडचे हे मध्ये मुलीला दुभाषी ठेवून खतांच्या किमतींवर बराच वेळ बोलले. आमच्या घरातली तिच्या एकटेपणाची धास्ती त्या रात्री निम्म्यानं उतरली.

नोकरीचं काय, हा प्रश्न राहतोच. गणित, संगणकशास्त्र यांसारख्या विषयांत पदवी असेल तर शिक्षणानंतर बारा महिने आणि वर चोवीस महिने तिथं काम करता येतं. इतर विषयांत फक्त बारा. सप्टेंबर २०२५मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (तिथं नोकरी करण्याच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं गेलं. त्यामुळे तिथंच कायमचं राहण्याचा हिशेब धरून कुणी कर्ज काढू नये, मग कॉलेज मोठं असो की लहान. परत यावं लागलं तरी फेडता येईल एवढंच कर्ज काढा. आम्ही तीच मर्यादा घातली आणि मुलीला ती कागदावर मांडून दाखवली.

संपादक महोदय, आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या दर वर्षी येतात. माझी विनंती अशी की प्रवेशपत्रं मार्चअखेर येतात आणि होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो, तर त्या मधल्या महिन्यात फॉर्म ९९० कसा वाचावा, यावर एखाद्या सनदी लेखापालाकडून सोप्या मराठीत एक लेख लिहून घ्यावा. मुदत फार थोडी असते आणि गावाकडच्या पालकांना विचारायला कुणी नसतं.

आपली,
एक लेखापरीक्षक आई,
कऱ्हाड, जि. सातारा