‘लॉग काय म्हणतोय?’

प्रिय ताई,

हे सगळं फोनवर बोललो असतो तर ‘बरं बरं, पुढचं बोल’ म्हणत तुम्ही मध्येच तोडलं असतंत. म्हणून जाहीर लिहितोय. आता पळवाट नाही.

जुन्या ऑफिसात तुम्ही सिस्टिम्स सांभाळायचात आणि पासवर्ड विसरला की मी तुमच्यापाशी यायचो, एवढीच आपली ओळख. पुढे मी एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन, म्हणजे घरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवलं आणि घरचा सर्व्हर चालवायला लागलो. म्हणजे खरं तर घरच्यांच्या तक्रारी ऐकायला लागलो.

पहिली तक्रार साधी होती. एक सिनेमा टीव्हीवर सारखा अडकायचा. मी प्रोसेसरला नावं ठेवून नवं मशीन घ्यायला निघालो होतो. तुम्ही फक्त विचारलंत, “लॉग काय म्हणतोय?” सर्व्हर स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो तो लॉग मी उघडलाच नव्हता. उघडला तर कारण समोरच होतं: सबटायटल्समुळे ट्रान्सकोडिंग. ब्लू-रेवरची सबटायटल्स मजकूर नसतात, चित्रं असतात. टीव्हीतल्या ॲपला ती दाखवता येत नव्हती, म्हणून सर्व्हर बिचारा ती व्हिडिओवर छापून अख्खा सिनेमा नव्याने एन्कोड करत बसला होता. मजकुराच्या सबटायटल्सची एसआरटी फाइल जोडली आणि लॅपटॉपचा पंखा गप्प झाला. नवं मशीन राहिलंच.

पण आभार मानायचे आहेत ते डिस्कच्या प्रसंगासाठी.

सर्व्हरची ४ टीबीची डिस्क एका रात्री टकटक आवाज करू लागली. सिनेमे गेले असते तरी चाललं असतं. त्याच डिस्कवर बाबांनी काढलेल्या कॅमेऱ्याच्या टेपा मी उतरवून ठेवल्या होत्या, आणि मूळ टेपांना तोवर बुरशी लागली होती. दुसरी प्रत? नव्हती. घाबरून मी फाइलसिस्टिम दुरुस्त करायची कमांड टाइप केली आणि एंटर दाबण्याआधी, कोण जाणे कसं, तुम्हाला फोन लावला.

“हात मागे घे,” तुम्ही म्हणालात. “ती कमांड डिस्कवर लिहिते. मरत्या डिस्कवर लिहायचं नसतं.”

मग स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्याचा, अहवाल वाचून घेतलात. १९७ क्रमांकाच्या ओळीत पेंडिंग सेक्टर असतात, म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या जागा. तिथे शून्य असायला हवं होतं, नव्हतं. दुसरी तेवढीच मोठी डिस्क आणेपर्यंत तुम्ही मला मशीन बंद ठेवायला लावलंत. नंतर डीडीरेस्क्यू, मरत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम. आधी तो सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मध्येच थांबला तरी पुन्हा तिथूनच सुरू. पावणेदोन दिवस चाललं ते. दुरुस्तीची कमांड नंतर चालवली, पण प्रतीवर.

तुम्ही रिमोटने आत शिरून अर्ध्या वेळात हे केलं असतंत. शिरला नाहीत. तेव्हा राग आला होता, सांगून टाकतो.

पुढे मी ऐटीत जाहीर केलं की आता दोन डिस्कचं रेड लावतो, मिरर, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. तुमचा प्रश्न: “आणि चुकून फोल्डर डिलीट केलास तर?” दोन्हीकडून एकदमच गेला असता. मग रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लावली. महिन्याभराने तुम्ही विचारलंत, “त्यातलं काही परत आणून पाहिलंस का?” पाहिलं, तर बॅकअपची डिस्क कोरी! वीज गेली होती तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर तगला (या बॅटरीचं मी यूपीएस म्हणून फार कौतुक करायचो), पण स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारी बाहेरची डिस्क निसटली आणि पुन्हा माउंट झालीच नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही. स्क्रिप्ट मात्र त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कवर, इमानाने प्रती टाकत राहिली. लॉगमध्ये तक्रारीचा एक शब्द नाही. ‘लॉगसुद्धा खोटं बोलतो’ म्हणालो तेव्हा तुम्ही किती हसलात! आता डिस्क माउंट नसेल तर स्क्रिप्ट पुढे जात नाही, आणि एक एन्क्रिप्ट केलेली प्रत भावाच्या घरी असते.

टेपा जवळपास सगळ्या वाचल्या. तीन फाइलींना धक्का लागला. त्यातल्या एकीत पुढची की-फ्रेम (अख्खं चित्र साठवलेली फ्रेम) येईपर्यंत सात-आठ सेकंद चित्र गोठतं, आवाज मात्र चालू राहतो. मी सायकलवर अर्धवट कलंडलेला, आणि मागून बाबा ओरडतायत, “धरलंय मी, धरलंय!”

ती फाइल मी तशीच ठेवली आहे.

तुमचा,
पासवर्ड विसरणारा