चित्रातले शेतकरी झिंगलेले नाहीत

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्यसनमुक्तीच्या लेखासोबत ल नॅं बंधू या फ्रेंच चित्रकार भावांचं 'शेतकऱ्यांचं जेवण' हे १६४२चं चित्र आलंय आणि खाली ओळ आहे, 'दारूच्या आहारी गेलेले शेतकरी'. मी माळकरी, तेव्हा दारूची बाजू घेतोय असं समजू नका. पण तीस वर्षं द्राक्षबाग केली आणि मुलाकडे गेलो असताना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात याच चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलो, म्हणून राहवलं नाही.

नीट बघा. तिघे बसलेत. डावीकडचा पितोय, मधल्याच्या हातात लाल वाइनचा पेला आहे, उजवीकडचा अनवाणी, फाटक्या कपड्यांतला, हात जुळवून गप्प. कुणी खिदळत नाही, कुणी झुकलेला नाही. मागे बाई उभी, पोरं आहेत, एकाकडे व्हायोलिन. पिऊन तर्र झालेल्याच्या जवळ पोरं अशी निवांत थांबत नाहीत, एवढं कुणीही सांगेल.

मी अडलो पेल्यापाशी. त्या काळी फ्रान्समध्ये द्राक्षं पिकवणाऱ्याच्या तोंडी चांगली वाइन क्वचितच पडे. ती विकून 'ताय' नावाचा कर भरायचा; सरदारांना आणि धर्मगुरूंना तो माफ. १६३५ला स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि कराचा बोजा आणखी चढला. घरात प्यायची ती 'पिकेत', म्हणजे उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून केलेलं पातळ पेय. मला यात नवल वाटलं नाही. आमचाही निवडक माल पेटीत भरून युरोपला जातो आणि घरातली पोरं गळालेले मणी खातात.

मग इथे पांढरं कापड, काचेचा पेला नि खरी वाइन कशाला? अभ्यासक म्हणतात, हे दानाचं चित्र आहे, घरधन्याने गरिबाला जेवायला बसवलंय. पाव आणि वाइन बघून ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजन, म्हणजे येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं जेवण आठवतं. मला हे अर्धंच पटतं. तो अनवाणी माणूस पुण्य पदरात पाडून घेण्यापुरता बोलावलेला वाटत नाही. शेजारच्या बांधावरचा वाटतो, अवघडलेला, पण आपल्यातलाच.

जाता जाता, चित्रावर सही नुसती 'ल नॅं' आहे. अँत्वान, लुई, मात्यू, तिघांपैकी रंगवलं कुणी, याचा वाद अजून चालतो. सातबाऱ्यावरच्या नावांपायी आमची भावकी कोर्टात असल्याने मला या सहीचं फार कौतुक वाटलं.

तेवढी ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती. लेखाला चित्र हवंच असेल, तर त्याच शतकातल्या आद्रियान ब्राउवर या चित्रकाराची गुत्त्यातली चित्रं काढा. तिथे भांडणारे, लोळणारे, तुम्हाला हवे तसले शेतकरी भरपूर मिळतील.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक