रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये भट्टी हवी

संपादक महोदय,

कामाच्या ताणाबद्दल छापून येणाऱ्या पत्रांत एक सल्ला हमखास असतो : मन मोकळं करा, बोला. मी लोकलवर मोटरमन होतो. रुळांवर माणूस आडवा आला की हॉर्न द्यायचा, ब्रेक मारायचा आणि पुढचं बघत राहायचं. मग गार्डला कळवा, कागद भरा, गाडी काढा. घरी 'आज उशीर झाला' एवढंच. त्यापुढे माझी जीभ कधी रेटली नाही, समुपदेशकापुढे तर नाहीच.

निवृत्तीनंतर सुनेने ओढूनच मातीकामाच्या वर्गाला नेलं. बाकीचे कप-वाट्या करत होते (त्यात वाईट काही नाही). मी डेडमॅन हँडल दाबून धरलेला हात करायला घेतला. चालत्या गाडीत मोटरमनचा हात त्यावरून सुटला की ब्रेक आपोआप लागतात.

"काका, भरीव ठेवलात तर भट्टीत फुटेल," शिकवणारी मुलगी म्हणाली. मातीत राहिलेल्या ओलीची वाफ होते, जाड भागातून तिला वाट मिळत नाही. म्हणून तारेने कापून हात आतून कोरला, कडांवर ओरखडे पाडले, पातळ माती लावून पुन्हा जोडला. वाळून, हजारेक अंशांवर भाजून निघाला तेव्हा चांगलाच आटला होता. ग्लेझ लावू दिलं नाही; त्या हाताला चकाकी कशाला? सौ.ने तो उचलला, बोटांची पेरं चाचपली. "एवढं घट्ट का धरलंय?" त्या रात्री शीव-कुर्ल्याच्या मधल्या त्या मुलाबद्दल मी तिला पहिल्यांदा सांगितलं.

मुंबईला हे काम नवं नाही. जे. जे. कला महाविद्यालय १८५७ सालचं, तिथे सिरॅमिक शिकवतात. धारावीत कुंभारवाडा आहे, पण तिथल्या भट्ट्या पोटापाण्याच्या, माठ-पणत्यांनी भरलेल्या. खासगी स्टुडिओची फी पेन्शनीत बसत नाही आणि विजेची भट्टी सोसायटीत कोण ठेवू देईल?

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, कॅरम आहे, बॅडमिंटन आहे. तिथेच एका खोलीत मातीचं टेबल आणि एक भट्टी बसवावी. तीही आज ड्युटीवर असलेल्यांसाठी. त्यांना निवृत्तीपर्यंत ताटकळत ठेवू नये. भट्टी भरायला आणि रात्रभर राखायला मी बिनपगारी येईन. रात्रपाळीची सवय अजून गेलेली नाही.

– एक निवृत्त मोटरमन, मुलुंड (पूर्व)