रेघांचा क्रम खुला करणाऱ्यांना आभारपत्र

‘मेक मी अ हान्झी’ हा चिनी अक्षरांच्या रेघांचा खुला संग्रह घडवणाऱ्या सर्वांना,
सप्रेम नमस्कार.

मराठीतून चिनी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे हे पत्र. तुम्ही नऊ हजारांहून अधिक अक्षरांची रेघन् रेघ सुटी केलीत, तिला क्रम दिलात आणि सगळे सर्वांसाठी मोफत ठेवलेत. आर्फिक या तैवानी कंपनीने १९९९ मध्ये खुले केलेले फाँट तुमच्या हाताशी होते खरे. पण फाँटमध्ये अक्षराची नुसती बाह्यरेषा असते. दोन रेघा छेदल्या की तिथे त्या एकजीव होतात. पेन कुठे टेकले, कुठे उचलले, याची नोंद कुठेच नसते. ती बाह्यरेषा कोपऱ्या-कोपऱ्यावर उकलून तुम्ही रेघा वेगळ्या केल्यात आणि प्रत्येकीच्या मधून जाणारे बिंदू आरंभापासून शेवटपर्यंत ओळीने मांडलेत.

या बिंदूंचे आम्हांला फार मोल आहे, कारण रेघेची दिशा त्यांतूनच कळते. ‘हजार’ (千) आणि ‘कोरडा’ (干) या अर्थांच्या दोन अक्षरांत फरक फक्त वरच्या रेघेचा. ‘कोरडा’मध्ये ती डावीकडून उजवीकडे जाते, ‘हजार’मध्ये उजवीकडून डावीकडे उतरते. छापील पानावर मात्र दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. अक्षरात डावीकडे येणाऱ्या, पाणी सुचवणाऱ्या तीन ठिपक्यांतही (氵) असेच होते. पहिले दोन खाली उतरतात, तिसरा खालून वर उजवीकडे झेपावतो. तो वरून खाली ओढला की जाड टोक भलत्या बाजूला येते आणि हात पुढच्या रेघेपासून लांब जाऊन थांबतो.

मराठी हाताची अडचण आणखी वेगळी. आपण शिरोरेखा शेवटी देतो. ‘खाली’ या अर्थाच्या अक्षरात मात्र वरची आडवी पहिली, मग उभी, मग ठिपका. सवयीने उभी आधी काढली की ती आडवीच्या वर डोकावते, नाहीतर तिला पोहोचतच नाही. नियम शंभरदा सांगण्यापेक्षा तुमच्या हलत्या रेघा दोनदा पाहणे जास्त उपयोगी पडते.

‘तोंड’ हा साधा चौकोनही तसाच चकवतो. त्याच्या रेघा तीनच: डावी उभी, मग पेन न उचलता वरची आणि उजवी एकत्र, शेवटी खालची. चार मोजल्या तर रेघांच्या संख्येवरून कोशात शोधताना अक्षर सापडत नाही. ‘देश’मध्ये चौकटीच्या दोन रेघा आधी, आतला भाग नंतर, तळाची रेघ सर्वांत शेवटी, एकूण आठ. चौकट आधीच बंद केली तर आतले दाटीवाटीने बसवावे लागते.

काही ठिकाणी एक नियम पाठ करून भागत नाही. ‘पाणी’मध्ये मधली आकड्याची रेघ पहिली, ‘आग’मध्ये मात्र बाजूचे दोन ठिपके पहिले. ‘हे’ या अर्थाच्या अक्षराला (这) डावीकडून खालून वेढणारा, चालणे सुचवणारा घटक शेवटी येतो. ‘उठणे’मध्येही (起) वेढणारा घटक चालण्याच्या अर्थाचाच, पण तो वेगळा असतो आणि आधी लिहितात.

विद्यार्थ्यांना एक इशारा आम्ही आवर्जून देतो: जपानी ॲपवरून चिनी क्रम शिकू नका. ‘शेत’च्या आत चीनमध्ये आडवी आधी, जपानमध्ये उभी आधी. ‘राजा’ या अक्षरातही तोच फरक. तैवानच्या प्रमाण लेखनात अक्षराच्या माथ्यावरचा, गवत सुचवणारा घटक चार रेघांचा, चीनमध्ये तीन. चीनचा सध्याचा क्रमाचा मानदंड ८,१०५ अक्षरांचा असून तो १ मार्च २०२१ पासून लागू आहे.

वर्गात तुमचे ॲनिमेशन आम्ही असे वापरतो: एकदा नुसते पाहायचे, दुसऱ्यांदा बोटाने हवेत गिरवायचे, मग कर्णरेषांच्या चौकटीत कागदावर, शेवटी पडदा झाकून. चौथ्या पायरीला अडले तर पुन्हा गिरवत बसू नये. नेमकी कुठली रेघ विसरली ती पाहून तेवढीच परत चालवावी.

तुमच्या कामाला जोड म्हणून आम्ही रेघांची मराठी नावे तयार करतो आहोत: आडवी, उभी, डावी उतरती, उजवी उतरती, ठिपका, चढती, मोड आणि आकडा. ती यादीही तुमच्यासारखीच सर्वांसाठी खुली ठेवू.

तुमचे ऋणी,
मराठीतून चिनी शिकवणारे आम्ही