गाळा नगरपरिषदेचा, मशीन कुणाचं?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, एसटी स्टँडमागे आमच्या नगरपरिषदेने बांधलेल्या संकुलात एका गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर चालतं, नाव गेमचं, आत मशीनवर पैशाचा जुगार. दिवाळीच्या आत गाळा रिकामा करून घेऊ, असा शब्द आम्हा बायकांना कार्यालयात मिळाला होता. चहाही मिळाला होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधे एकदा धाड पडली, तीन मशीन आणि थोडी रोकड असा मुद्देमाल पेपरात फोटोसकट आला. नवव्या दिवशी पार्लर पुन्हा सुरू. आधी काचेला हिरवा पडदा होता, आता काळी फिल्म लावली आहे. सुधारणा म्हणायची ती एवढीच.

परवा शनिवारी माझ्या घरातून 6,400 रुपये गेले. चोरी म्हणता येत नाही, नवऱ्यानेच नेले. पैसे माझे असते तर गप्प बसले असते, आजवर बसतच आले. पण ते बचत गटाचे होते. मी गटाची सचिव. सोमवारी बँकेत हप्ता भरायचा म्हणून तुरीच्या डब्यात खाली दडवले होते. डबा उघडला तेव्हा डाळ नीट वरपर्यंत परत भरलेली होती. एवढी काळजी त्याने घरात कधी कशाची घेतली नाही.

मी थेट पार्लरमध्ये गेले. भर दुपारी आत रात्र. भिंतीला घड्याळ नाही. प्लॅस्टिकची स्टुलं, खाली विड्यांची थोटकं, आणि मशीनच्या बटणांवरचे आकडे बोटांनी घासून पुसून गेलेले. पडद्यावर पत्ते उघडत होते. मी खांद्याला हात लावला तर त्याने वर न बघता म्हटलं, "थांब, आता निघायला आलंय." गल्ल्यावरच्या पोराने मला पाण्याचा ग्लास दिला. "बसा ताई," म्हणाला. बाईमाणूस शोधत येणं त्याला रोजचंच असावं.

तक्रार घेऊन गेले तर नगरपरिषद म्हणाली, आम्ही फक्त भाडं घेतो, परवाना आमचा नाही. पोलीस म्हणाले, तहसीलला विचारा. तहसीलमध्ये साहेब मीटिंगला. गावात अशी पार्लरं नऊ आहेत, कोणी चौदा म्हणतं. चक्री आणि बिंगो या आकड्यांच्या जुगाराच्या टपऱ्या धरल्या तर वीसच्या खाली नसतील. एकेका मशीनमध्ये दिवसाला पाच-दहा हजार तरी जात असतील, हिशोब तुम्हीच करा. आम्ही बँकेचा हप्ता एक दिवस चुकवला तर दंड लागतो. त्यांचे हप्ते मात्र कुणाला वेळेवर पोचतात, हे मी कशाला लिहू?

जुगाराचा कायदा मी भाचीच्या मोबाइलवर बघितला. 1887 चा आहे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला. त्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे, म्हणून पार्लरवाला छाती फुगवून सांगतो की हा कौशल्याचा खेळ. नवऱ्याचं कौशल्य मी सोळा वर्षं बघते आहे. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीने मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांवर बंदी आणली, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. छान झालं. पण भिंतीला टेकवलेल्या मशीनचं काय? सट्टा आणि जुगार हा विषय घटनेने राज्याच्या यादीत घातला आहे, म्हणजे चेंडू तुमच्याच अंगणात. आणि राज्याने काय केलं? 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच लागू केला नाही, शेवटी 2023 मध्ये रद्द केला. एवढी वर्षं कागद सांभाळला म्हणून कुणाचा तरी सत्कार करा.

लाडकी बहीण म्हणून 1,500 रुपये येतात, त्याबद्दल आभार. 2,100 चं राहू द्या. एका खिडकीतून भावाने ओवाळणी घालायची आणि स्टँडमागच्या खिडकीतून ती काढून घेऊ द्यायची, हा कुठला न्याय? राज्याने 1969 पासून स्वतःच लॉटरी विकली आहे, तेव्हा कोण कुणाला काय सांगणार म्हणा.

मागणं एकच आहे. दारूच्या दुकानासाठी 2008 पासून नियम आहे: प्रभागातल्या 25 टक्के महिलांनी सह्या दिल्या की मतदान घ्यावं लागतं आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी केली की दुकान बंद. तसंच या पार्लरांना लावा. आणि सरकारी गाळा भाड्याने देताना करारात एक ओळ घाला, आत पैशाचं मशीन दिसलं की गाळा परत. त्याला विधानसभा लागत नाही, शिक्का लागतो.

काल गटातल्या अकरा जणींना मी खरं सांगून टाकलं. दोघी रडल्या. एक म्हणाली, "तुझे सहा, माझे तर बावीस गेले." हजार म्हणायचं होतं तिला. चौथीने वहीचं पान फाडून त्यावर पहिली सही केली. तुमचा नियम अजून आलेला नाही हे तिला ठाऊक आहे. आज दुपारपर्यंत 143 झाल्या आहेत, पाच अंगठे धरून.

आपली,
प्रभागातली एक लाडकी बहीण